पानातला शेवटचा घास

४ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाचा. बसमध्ये सात तास शेजारच्या बाईंचा कोंबडा माझ्या बुटावर बसून होता, पण उतरलो आणि सगळा शीण गेला. नदी, नदीला लागून एकच रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला हे घर. पाठीवर बॅग टाकून निघाल्याला दोन महिने झाले, हा चौथा देश, आणि खिडकीला धड कडी असलेली ही पहिली खोली. पलंग आहे, मच्छरदाणी आहे, चादरीला साबणाचा वास आहे. आणखी काय हवं माणसाला.

घरमालकीणबाई साठीच्या आसपास असतील. ठेंगण्या, हसऱ्या. त्यांना इंग्रजीचे दहाबारा शब्द येतात, मला त्यांच्या भाषेतले चार. बाकी कारभार हातवाऱ्यांवर. जेवण घरच्यांबरोबर करायचं, हे त्यांनी आधी स्वतःच्या तोंडाकडे आणि मग माझ्या पोटाकडे बोट दाखवून सांगितलं. ताई मला उगाच खादाड म्हणत नाही, मी हात धुऊन तयारच होतो.

जेवायला माझ्यासकट अकरा जण. मोठ्या खोलीत जमिनीवर दोन रांगा, मध्ये वाढायला वाट. भात, माशाचं आंबट कालवण, कसलीशी पालेभाजी. या दोन महिन्यांत मी काय काय पोटात घातलंय हे आईला कळलं तर ती मला अंगणात आंघोळ घातल्याशिवाय घरात घेणार नाही. त्या मानाने हे अगदी घरचं जेवण. बाई वाढत राहिल्या, मी खात राहिलो, शेवटी ताट बोटाने पुसून घेतलं. ही लहानपणची सवय. आमच्याकडे कुणी पानात टाकलं की आई रागवायची नाही, नुसती त्या पानासमोर बसून राहायची. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

माझं लख्ख ताट बघून बाईंनी बाहीने डोळे पुसले. बाकीचे दहा जण जेवता जेवता थांबले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा जेवू लागले. पाहुणा इतका मनापासून जेवला याचं कौतुक वाटलं असावं.

६ नोव्हेंबर

या घराचा धंदा झाडू बांधायचा. मागच्या पडवीत गवताचे भारे पडलेले असतात. आधी ते फणीने विंचरायचं, मग लांबी बघून निवडायचं, मूठ जमली की तारेने आवळायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळे तेच करतात. आज मीही बसलो. आईला उभ्या जन्मात माझ्याकडून केर काढून घेता आला नाही, आणि इथे मी हौसेने नऊ झाडू बांधले. देश तसा वेश.

घरातली माणसं मात्र गमतीची आहेत. कुणाचं नाक कुणाच्या नाकाशी जुळत नाही. एकाचे केस तांबूस आणि डोळे घारे, एक ताडमाड, एक बाई इतकी गोरी की उन्हाने तिचे हात सोलवटलेत. मी आपली मनातल्या मनात नाती लावत बसतो, हा जावई, ही धाकटी जाऊ. बोलत कुणीच नाही. मी हसलो तर हसत नाहीत, पण जेवताना एका चालीने जेवतात.

अजून पाच दिवस इथे, मग परतीची वाट. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन वीस तारखेला आहे. ताईने बजावलंय की अठराला मी घरात दिसलो पाहिजे. दवाखाना आणि घर दोन्ही तिला एकटीला झेपायचं नाही, आणि आई तर सरळ म्हणते की पोरगा आल्याशिवाय त्या टेबलावर झोपणारच नाही. मी शब्द दिलाय, इथला पत्ताही तिला कळवलाय.

९ नोव्हेंबर

गवताने बोटं चिरली, म्हणून मलम आणायला औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, इंग्रजी चांगलं. कुठे उतरलायस विचारलं, मी घर सांगितलं. त्याने मलमाचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं आणि विचारलं की जेवताना ताटात काही ठेवतोस ना. मी अभिमानाने सांगितलं की आमच्या आईची शिकवण आहे, शीतसुद्धा ठेवत नाही.

त्याने दुकानाबाहेर एकदा नजर टाकली. मग म्हणाला की इकडे पाहुणा शेवटचा घास ताटात ठेवतो. माझी वाट अजून बाकी आहे, असा त्याचा अर्थ. रिकामं ताट म्हणजे मला ठेवून घ्या. इतर घरांत ही नुसती रीत आहे, पण त्या घरात ती मागणी समजतात. जगभरून तिथे येणारे लोक ताटात काही ना काही ठेवतात म्हणून वाचतात, असंही म्हणाला. किती जेवणं झाली विचारलं. मी बोटांवर मोजली, दहा. त्याने मलम तसंच हातात ठेवलं आणि आज घास ठेव, उद्या नीघ, एवढं सांगून दुकानाचा पडदा ओढला.

मला हसू आलं. पण घरी येताना ते टिकलं नाही.

१० नोव्हेंबर

काल संध्याकाळी घास ठेवायचा ठरवून बसलो. लिंबाएवढा भात ताटाच्या कडेला सारला आणि पोट भरल्याची खूण केली. बाई हसल्या. मग मी बघत असताना माझा हात गेला आणि त्याने तो घास उचलला. मी उचलला नाही. मला हे नीट लिहायचंय: मी उचलला नाही.

आज दुपारी पुन्हा तेच. बोटाने ताट पुसलंसुद्धा.

११ नोव्हेंबर

बॅग पाठीला लावून अकराच्या बसला निघालो. थांब्यावर उभा होतो. बस वळणावर दिसली. तेवढ्यात कालवणाचा वास आला. घर तिथून चांगलं वीस मिनिटांवर आहे, वास येणं शक्य नाही.

भानावर आलो तेव्हा रांगेत माझ्या जागेवर बसलो होतो. बॅग अजून पाठीवर होती. समोर ताट लख्ख.

बाईंनी हळूच माझ्या खांद्यावरून पट्टे काढले आणि बॅग आत नेली. मी शाळेतून आल्यावर आई दप्तर काढायची, तशी. मला रडू फुटलं.

१३ नोव्हेंबर

उजवा हात डाव्याने धरून ठेवला, तर तोंड खाली गेलं ताटाकडे. काटेसुद्धा गिळले. घसा सोलला आहे.

तांबूस केसांचा माझ्या बाजूला बसतो. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो चावत होता.

१५ नोव्हेंबर

झाडूच्या दांड्या आणायला आतल्या कोठारात गेलो. मागच्या भिंतीशी बॅगा आहेत. दहा. काही नव्या, काहींचे पट्टे उंदरांनी खाल्लेले. एकीवर लहान मुलाने काढलेलं चित्र शिवलंय. अकरावी माझी.

म्हणजे जावई नाही, जाऊ नाही. कुणीच कुणाचं नाही.

विमान आज होतं.

१७ नोव्हेंबर

ताईचा फोन आला. उचलला. ताई, मला घेऊन जा, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि चावल्याचा आवाज आला. मचमच. ती हॅलो हॅलो करत राहिली. मग चिडली, म्हणाली की खादाडा, आधी गिळ आणि मग बोल.

गिळलं. पुन्हा तोंडात होतंच. घास घेतलेला नसताना.

फोन बाईंनी नेला.

२० नोव्हेंबर

आज ऑपरेशन. आई झोपली नसणार त्या टेबलावर. हट्टी आहे.

मला माफ

तारीख नक्की नाही

आवाज गेला. पाय फक्त गवताकडे आणि पानाकडे जातात. हात घासापुरता आणि मुठीपुरता. लिहिता का येतं ठाऊक नाही. बाईंना अक्षरओळख नाही, कदाचित त्यामुळे हे त्यांच्या नजरेतून सुटलं असेल.

भूक नसते. तरी जेवतो. त्या फार प्रेमाने वाढतात, हेच —

डिसेंबर असावा

ताई आली आहे.

ताई. तिची निळी ओढणी. पुढच्या खोलीतून आवाज आला आणि मी ओळखला. बाईंनी मला आधीच स्वयंपाकघरात आणून बसवलंय. फळीच्या फटीतून दिसतंय. बाकीचे रांगेत बसलेत. ती माझा फोटो एकेकापुढे धरते आहे. सगळे मान हलवतात. बाईंनी नदीकडे हात केला, म्हणजे तो कधीच गेला.

ती भिंतीला टेकून खाली बसली. वाळली आहे. दोन दिवस जेवली नसेल.

आता आईशी फोनवर बोलते आहे. ऐकू येतंय. तू ऑपरेशन करून घेतलं नाहीस ना, किती सांगितलं होतं, असं म्हणाली. मग म्हणाली, घर चांगलं आहे, माणसं मायाळू आहेत, हो, जेवते, नीट जेवते. पलीकडून आईने काय सांगितलं ते मला माहीत आहे.

पान वाढलं तिला.

कागद फाडला. फक्त घास ठेव एवढंच लिहिलं. दार चार पावलांवर आहे, पाय उठत नाहीत. कागद फेकला. चुलीशी पडला —

ताई इकडे बघ

भात संपत आला. बाई आणखी वाढतात. ती नको म्हणते, पोटावर हात ठेवते. ठेव ना. ठेव तसंच. एकच घास, ताई, आईला कळणार नाही —

तिने हात आखडला. कडेला घास उरलाय. उरलाय. उठते आहे.

बाई तिच्या पानासमोर बसल्या. काही बोलत नाहीत, नुसत्या बसल्या आहेत.

ताईने त्यांच्याकडे बघितलं. ओशाळून हसली. पुन्हा खाली बसली आणि तिने तो