पडदा काळाच

४ मार्च, सोमवार

उघडलाच त्याने! मला न विचारता! मी भाजी आणायला गेले तेवढ्यात टेबलाखालचा डबा बाहेर ओढून, झाकण काढून, कोपरापर्यंत आत हात घालून बसला होता नवरा. माझा कॉम्प्युटर. ज्यावर कपड्यांच्या कापणीचे पॅटर्न काढून मी पोट भरते तो.

"पॅटर्न उघडताना फार रखडतो ना, म्हणून मेमरी वाढवली," म्हणे. चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्यासारखं हसू. मी कधी म्हटलं होतं वाढव? कुरकुर केली असेन. ती मी रोजच करते.

बटण दाबलं. पंखा फिरला, आत एक पिवळा दिवा लागला, पडदा काळा. बंद केला, परत लावला. काळाच.

"अगं, पहिल्यांदा ना, ते—"

"पहिल्यांदा आणि शेवटचं! परत हात लावशील तर बघ!"

याने बोलायला घेतलं की एक वाक्य संपेपर्यंत माझ्या दोन बाह्या कापून होतात. कोण थांबणार?

शनिवारी दुपारपर्यंत शाळेच्या गणवेशाचे सगळ्या मापांचे पॅटर्न राणीसरकारांना पाठवायचेत. म्हणजे कपड्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाई. हे नाव मी ठेवलंय, तोंडावर 'मॅडम'. हे काम गेलं तर पुढच्या वर्षीचंही गेलं, आणि मग मी पुन्हा शेजारणींच्या ब्लाउजांना हुक लावत बसणार. फायली सगळ्या त्या डब्यात. दुसरीकडे ठेवल्या होत्या का? नव्हत्या! झालं समाधान?

५ मार्च, मंगळवार

दुरुस्तीवाल्याला फोन केला. शुक्रवारशिवाय वेळ नाही म्हणे, साहेबाला! "तोवर मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासा. परत बसवताना कट् आवाज येईपर्यंत दाबा."

घासल्या. दाबल्या. कट् आवाज आला. पडदा काळा.

बंद-चालू, बंद-चालू. अंगठा दुखायला लागला. माणसाचा किती अंत बघावा?

नवरा चहा घेऊन दारात उभा. "जरा थांबलीस ना, तर तो—"

"मी थांबते रे! शनिवार थांबणार आहे का?"

कप ठेवून गेला. चहात साखर अगदी बरोबर होती. त्याचाही राग आला.

६ मार्च, बुधवार

नव्या पट्ट्या काढल्या, जुन्या घातल्या. आता तरी व्हायलाच हवा ना चालू? याच पट्ट्यांवर इतकी वर्षं चालला. चांगले वीस आकडे मोजले मनात. काळा! म्हणजे मारलाच याने. आत हात घालून काहीतरी कायमचं बिघडवून ठेवलं.

मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "शनिवारपर्यंत हा चालू झाला नाही तर या घरात राहायचं नाहीस. आणि तोवर नजरेसमोरही नकोस. जा तुझ्या ताईकडे."

वाटलं, भांडेल. एकदा तरी भांडेल! दोन शर्ट आणि चार्जर पिशवीत टाकला. उंबऱ्यावर वळला. "मला एवढंच म्हणायचं होतं, की—"

दार मी लावलं.

७ मार्च, गुरुवार

नणंदेचा फोन. "काल जेवल्यावर किती बोलला गं हा! लहानपणीचं काय, ऑफिसातलं काय. आम्ही हसून हसून मेलो."

म्हटलं, "इथे कॉम्प्युटर मेलाय." आणि ठेवला फोन.

बोलला म्हणे! हा! माझ्यासमोर 'हो', 'बरं' आणि 'बघतो' यापलीकडे तोंडातून शब्द फुटत नाही. तिकडे जाऊन फड रंगवतोय.

राणीसरकारांनी विचारलं, "होतंय ना वेळेत?" "होतंय, मॅडम." जीभ कशी झडली नाही माझी!

नव्या पट्ट्या परत आत घालून ठेवल्या. दुरुस्तीवाल्याला गुन्हा जसाच्या तसा दिसला पाहिजे.

८ मार्च, शुक्रवार

दुरुस्तीवाला येत नाही. "उद्या सकाळी नक्की." याचा 'नक्की' मला माहीत आहे!

डबा लावला. पिवळा दिवा. काळा पडदा. डोक्यात अशी तिडीक गेली की तो बंद करायचंही सुचलं नाही. तसाच सोडून बाहेरच्या खोलीत गेले आणि नवऱ्याला फोन लावला. मग जे सुरू झाले! लग्नापासूनचं सगळं काढलं. नळ दुरुस्त करायला गेला आणि स्वयंपाकघरात तळं झालं ते. माझ्या कात्रीने पुठ्ठे कापले ते. बहिणीकडे दात काढत बसतोस आणि मी इथे मरते ते.

मध्ये एकदा म्हणाला, "आत्ता चालू आहे का तो? असेल तर तसाच—"

"तसाच काय? तसाच उचलून तुझ्या डोक्यात घालू?"

घसा बसला तेव्हा फोन ठेवला. आत आले.

पडदा निळा! पासवर्ड विचारतोय!

खुर्ची ओढून पासवर्ड घातला. फायली जागच्या जागी. शर्टाचा पॅटर्न उघडायला घेतला की पूर्वी मी भाजी निवडून घ्यायचे, तो बोट उचलायच्या आत समोर.

दुरुस्तीवाल्याला कळवलं, येऊ नका, आपोआप झाला. तो म्हणाला, "आपोआप नाही हो. मेमरी बदलली की पहिल्यांदा पाच-दहा मिनिटं पडदा काळाच राहतो काही मशीनचा. आत तपासणी चालते. मध्येच बंद केलंत की परत पहिल्यापासून. मिस्टरांनी सांगितलं नाही?"

"नाही," म्हटलं.

खोटं आहे का यात काही? नीट एका वाक्यात सांगायला काय झालं होतं त्याला?

९ मार्च, शनिवार

पाठवले. सगळी मापं. राणीसरकार खूश! पुढच्या वर्षीचे गणवेशही माझ्याकडेच.

त्याला निरोप टाकला, 'चालू झाला. ये घरी.' माफी वगैरे काही लिहिली नाही, तेवढं त्याला समजतं. त्याचा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय.

१० मार्च, रविवार

आला. हातात पिशवी नव्हती. समोर बसला. "मला सांगायचंय, की—" म्हणाला आणि सवयीने थांबला. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

मग म्हणाला, "ताईकडे माझं बोलणं पूर्ण होतं गं. मी आता तिथेच राहणार आहे."

एकदाही न अडखळता बोलला.