तांब्याच्या हंड्यातले पाणी

॥ श्री ॥
तलवाडा, वैशाख शुद्ध दशमी, शके १९४१

ज्याच्या कृपेने कोरड्या विहिरीच्या तळाशीही ओल टिकून राहते, त्या श्रीवैजनाथाचे स्मरण करून हे पत्र लिहावयास घेतो.

चिरंजीव भारत यास अनेक शुभाशीर्वाद. आम्ही उभयता कुशल आहोत. टँकर पाचव्या दिवशी येतो. पाण्याच्या पाळीची यादी आपल्या सोसायटीकडेच असल्याने अद्याप तंटा झालेला नाही. दोन्ही गाई छावणीत बऱ्या आहेत. तुझ्या आईचा गुडघा दुखतो. ती ते मान्य करीत नाही.

दर रविवारी तू फोनवर तिला विचारतोस, "पाकट कसा आहे?" मागील दोन्ही रविवारी ती "बरा हाय" म्हणाली. ते असत्य होते, आणि ते मी तिच्याकडून वदविले.

चैत्र वद्य एकादशीस तुझ्या पाकटमाशाच्या कडेवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला. तो अन्न घेईना. पडवीतल्या टाकीच्या कोपऱ्यात, उलट्या ताटासारखा निश्चल पडून राही. नव्या पाण्याविषयी तू जाताना सांगितले होतेस, की ते प्लॅस्टिकच्या पिंपात दोन दिवस उघडे ठेवून मग घालावे. मला ते रुचले नाही. यंदाच्या रामनवमीपासून मी ते देवघरातल्या तांब्याच्या हंड्यात, तुळशीपत्र घालून, ठेवू लागलो. अभिषेकास जे चालते ते माशास का न चालावे, असा माझा विचार.

अंबाजोगाईचे मोहनराव प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "आप्पाराव, तांबं या माशाला विष आहे. कातडी सोलवटली, तिथं बुरशी बसली. बुरशी किरकोळ आहे. औषध नको, मीठही नको. हंडा बाजूला करा आणि रोज थोडं थोडं स्वच्छ पाणी बदला."

तुझी आई दारातून ऐकत होती. "तुमचं सोवळं बाधलं त्याला," एवढेच म्हणाली.

सोसायटीचा चेअरमन मी, पाळीची यादी माझ्याच हातची. तीत माझ्या घरी एक घागर वाढविणे शक्य नव्हते. म्हणून माझ्या स्नानाच्या दोन बादल्या त्याला दिल्या. आपत्काली मंत्रस्नान विहित आहे. त्याच आधारावर देवपूजा केली. टाकीतून काढलेले पाणी शेवग्यास घातले.

सहाव्या दिवशी शेजारची रतनबाई डोक्यावर घागर घेऊन पडवीत आली. तिचे दोन वर्षांपूर्वीचे शब्द तुला स्मरत असतील. सोसायटीच्या सभेत ती उभी राहून म्हणाली होती, "चेअरमनच्या पडवीत मासा पवतोय, अन् आमच्या पोरी घागरी वाहत्यात." मी मान खाली घालून घरी आलो आणि तुला म्हणालो, मासा काढ, नाहीतर तू घरातून जा. टाकी नेता येईना, म्हणून तू मासा आमच्या स्वाधीन करून निघून गेलास.

"धरा," ती म्हणाली. "त्या ताटलीवानी माशापायी आंगुळ सोडली म्हनं. पारोसे देवाजवळ बसता व्हय?"

मी म्हणालो, "बाई, तुम्हीच तर सभेत बोलला होता."

"म्या पान्याचं बोलले, आप्पा. पोराला घालवा, असं कोन म्हनलं?"

मी दोन्ही हात पुढे केले. घागर उतरवून घेतली.

काल पुंजका गळून पडला. खाली कोवळी, गुलाबी त्वचा आली आहे. सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातून चार गांडुळे आणून मी प्रथमच स्वतःच्या हाताने पाण्यात धरली. शेपटीच्या काट्याचे भय वाटत होते. तो भिंतीलगत वर आला, तळहाताखाली क्षणभर थांबला आणि अन्न घेऊन गेला. त्याचे अंग ओल्या रेशमासारखे लागते, हे तू मला कितीदा सांगितले होतेस.

हंडा चिंच लावून घासला आणि फळीवर ठेवला. पवित्र म्हणून मी आजवर जे जे ओतले, ते समोरच्यास सोसेल का, हे कधी विचारले नाही.

मासा बरा झाला, म्हणून ये, असे लिहीत नाही. "जा" मी म्हणालो होतो. "ये" हेही मीच लिहिले पाहिजे. ये.

हे पत्र ज्यांच्या ज्यांच्या दृष्टीस पडेल, त्यांच्या रांजणात पाणी राहो आणि त्यांच्या उंबऱ्याआत त्यांची माणसे राहोत.

तुझी वाट पाहणारा,
आप्पाराव