एकतिसाव्या रांगेतली उशी

शनिवार, २ सप्टेंबर

हरलो. फुटबॉलच्या मोसमाचा पहिलाच सामना, घरचं मैदान, आणि हरलो कोणाकडून — तर ज्या कॉलेजचं नाव मी आज सकाळपर्यंत ऐकलं नव्हतं! चेंडू फेकणाऱ्या आमच्या क्वार्टरबॅकने शेवटचा चेंडू सरळ त्यांच्या माणसाच्या पोटात नेऊन घातला, वाढदिवसाची भेट द्यावी तसा. घसा बसलाय. गुडघे बोलतायत. पायऱ्या उतरताना मागच्या रांगेतले मिस्टर फोंतनो म्हणाले, "मिस ओडिल, एवढ्यात सुतकाचे काळे कपडे बाहेर काढू नका. अख्खा मोसम पडलाय." आमच्याकडे आजी झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात.

माझा मुलगा मार्सेल गाडीत एक शब्द बोलला नाही. त्याचे वडील, माझा एमिल, तेही हरल्यावर असेच गप्प बसायचे. पण एमिल माझा हात धरून गप्प बसायचा.

शनिवार, ९ सप्टेंबर

पुन्हा हरलो. उकाडा, डास आणि लाथेने घालवलेले तीन गुण. लिहवत नाही.

रविवार, १० सप्टेंबर

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मार्सेल, डॅना आणि छोटी क्लेअर जेवायला आले. कोंबडीचा रस्सा आणि भात. कालच्या हारीचं दुःख सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं वाढलेलंच होतं.

सूनबाई हसत म्हणाली, "मिस ओडिल, गेल्या वर्षी तुम्हाला फ्लू झाला होता ना, तो एकच मोठा सामना आपण जिंकलो!" सगळे हसले. मीही हसले. पण मार्सेलचा काटा हवेत थांबला. "अरे, खरंच की! आणि त्याच्या आधीच्या वर्षी आई लग्नाला गेली होती, तेव्हाही!" बोटं मोजायला लागला. "आई, तुझा पायगुण!"

क्लेअरने विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे आजी मैदानात आली की आपले पेलिकन हरतात."

नऊ वर्षांच्या मुलीला बापाने हे असं सांगितलं. माझ्यासमोर. माझाच भात खाता खाता.

मला वाटलं, विषय तिथेच संपला. पण निघताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "एकच सामना घरी राहा ना, आई. करून बघू. आपल्या टीमसाठी. तुझी जागा रिकामी ठेवीन. तुझी उशी ठेवीन तिथे. कोणाला बसू देणार नाही, शब्द देतो."

आपल्या टीमसाठी! एकतिसाव्या रांगेत मी लग्नाच्या आधीपासून बसते. मार्सेलच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा चौथा, म्हणजे शेवटचा क्वार्टर चालू होता. सामना संपेपर्यंत मी उठले नव्हते. हा मुलगा त्या बाकावर जन्मायचा थोडक्यात राहिला.

उशी दिली. एमिल गेला त्या हिवाळ्यात त्याच्या हिरव्या लोकरी जाकिटाची शिवलेली. ॲल्युमिनियमचा बाक फार थंड लागतो.

शनिवार, १६ सप्टेंबर

अंगणात बसले. रेडिओ नाही, टीव्ही नाही. मार्सेलची अट अशी की नुसतं घरी राहून भागायचं नाही, बघायचं-ऐकायचंही नाही. पण मैदान चार गल्ल्यांवर. ओकच्या झाडांवरून आरडाओरडा येतोच, फक्त कोणाचा ते कळत नाही. टचडाऊनचे गुण त्यांचे की आपले? जीव नुसता वरखाली.

कळायला एकच मार्ग. जिंकलो की आपली पोरं हेल्मेट न काढता कॉलेजच्या प्रार्थनाघराकडे धावतात आणि घंटेचा दोर ओढतात. हरलो की घंटा मुकी.

वाजली! मी अंगणात एकटीच उभी राहून टाळ्या वाजवल्या. मिठी मारायला मात्र शेजारी कोणी नव्हतं. शेजाऱ्यांचं मांजर कुंपणावर होतं, तेही उठून गेलं.

रविवार, १७ सप्टेंबर

मार्सेलचा फोन. "बघितलंस? तू म्हणजे सोनं आहेस, आई!" घरी राहिले म्हणून सोनं.

शनिवार, २३ सप्टेंबर

घंटा वाजली.

शनिवार, ३० सप्टेंबर

वाजली मेली.

शनिवार, ७ ऑक्टोबर

आज समोरच्या कॉलेजचं निशाण बदक, म्हणून बदकाचा गंबो, आमचा दाट रस्सा. इतक्या वर्षांचा आमचा नेम: समोरच्याला आधी पातेल्यात घालायचं, मग मैदानात. पहाटे उठून पीठ तेलात परतायला घेतलं. काळपट लाल होईपर्यंत हात थांबवायचा नाही, हे मला एमिलच्या आईने शिकवलं. मार्सेल आणि डॅना पातेलं न्यायला आले. मैदानाबाहेरच्या हिरवळीवर आमचं ठरलेलं झाड आहे, त्याखाली सगळी मंडळी जमणार.

"काय वास सुटलाय, आई! जीव घेणार तू!"

पातेलं मागच्या सीटवर ठेवलं, सांडू नये म्हणून त्याला पट्टा बांधला. पातेल्याला गाडीत जागा होती.

जिंकलो. पातेलं सोमवारी परत आलं. न घासता.

शनिवार, १४ ऑक्टोबर

सामना परगावी. तरी रेडिओ बंदच. "सवय मोडायला नको," म्हणे. जिंकलो. डॅनाने कळवलं.

शनिवार, २१ ऑक्टोबर

आज जुने विद्यार्थी बघायला परत येतात तो सामना. वर्षात याच दिवशी बायका छातीवर पिवळी शेवंती लावतात, हिरव्या फितीची. माझी पहिली शेवंती एमिलने आणली, तेव्हा मी कॉन्व्हेंटच्या शेवटच्या वर्गात होते आणि तो कॉलेजात. फूल एवढं मोठं की सिस्टर क्लोटिल्डने फाटकातच अडवलं. "हे फूल आहे की कोबी?" एमिल लाजून लाल झाला. पण तिने जाऊ दिलं. तिलाही सामन्यांचं वेड! शनिवारी झग्याच्या बाहीत ट्रान्झिस्टर लपवून जपमाळ ओढायची. आम्हाला बजावायची, "जिंकू दे म्हणून प्रार्थना करायची नाही, मुलींनो. समोरच्या पोरांनाही आया आहेत. कोणाचा पाय मोडू नये, एवढंच मागा."

वर्गातल्या रंगीत काचेवर पेलिकन पक्षीण होती. सिस्टर सांगायची, पेलिकन आपली छाती चोचीने फोडते आणि पिलांना रक्त पाजते. आम्ही मुली रडायचो. पिलं पुढे काय करतात, ते मात्र तिने कधी सांगितलं नाही.

आज शेवंती मीच विकत आणली. मीच लावली. अंगणात बसले. घंटा वाजली, शेवंती काढून पाण्यात ठेवली.

रविवार, ५ नोव्हेंबर

दारात मिस्टर फोंतनो! हातात अंजिराच्या मुरंब्याची बरणी. दोन तास गाडी चालवून आले. इतकी वर्षं माझ्या मागे बसले, पण मैदानाबाहेर आम्ही कधी भेटलो नव्हतो. नेहमीच्या हिरव्या टोपीशिवाय मी त्यांना ओळखलंच नाही.

"मार्सेल म्हणाला तुम्हाला बरं नाही. म्हटलं बघून यावं."

"मी ठणठणीत आहे."

त्यांनी बरणी टेबलावर ठेवली. "मग तुमच्या जागेवर तो माणूस कोण?"

"कोणता माणूस?"

"सोन्याच्या घड्याळवाला! मिस ओडिल, तो अटीतटीच्या तिसऱ्या प्रयत्नालासुद्धा उभा राहत नाही! अख्खी रांग उभी राहून गळे फाडतेय आणि हा बसून फोन बघतोय. मी म्हटलं, साहेब, उठा, नाहीतर माझा गुडघा तुमच्या पाठीत बसेल. तर वळून म्हणतो, 'मित्रा, मला यातलं काही कळत नाही, आपले कोणते ते तेवढं सांग.'"

"कधीपासून येतोय?"

"तुम्ही यायच्या थांबलात तेव्हापासून."

"हिरव्या उशीवर बसतो?"

"हो. गेल्या सामन्यात तिच्यावर मस्टर्ड सॉसही सांडला त्याने."

मी कॉफी केली. ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "सांगायला नको होतं मी." मी म्हटलं, "साखर घ्या."

सोमवार, ६ नोव्हेंबर

सोन्याचं घड्याळ म्हणजे मिस्टर व्हिटकम. मार्सेल ज्यांच्याकडे मोटारी विकतो, ते. नवीन शाखा निघणार आहे, तिचा मुख्य कोण ते ठरायचंय. एवढं सरळ आहे. एकतिसाव्या रांगेतून मैदानाची मधली रेष समोरच दिसते, मालकाला खूश करायला त्याहून चांगली जागा कुठे मिळणार?

नुसतं मागितलं असतं तर? "आई, एक सामना दे." दिला असता. कदाचित भांडून, पण दिला असता. त्याने माझा पायगुण काढला!

आणि लिहायला लाज वाटते, पण इथे नाही तर कुठे लिहू — मी तो मानते. मानतेच. जिंकलेल्या दिवशीचे मोजे मी मोसमभर बदलत नाही. आपण जिंकत असू तोवर एमिल दाढी करायचा नाही, एका वर्षी तर मिस्साला फादरने त्याला ओळखलं नाही. ज्या घरात हे चालतं, त्या घरातल्या मुलाने आईला कुठे धरायचं ते बरोबर ओळखलं. बोलला तो खोटं. पण घंटा तर खरी वाजते!

शनिवार, ११ नोव्हेंबर

आज गेलेच होते. बूट घातले, हिरवा स्कार्फ बांधला, गल्लीच्या टोकापर्यंत पोचले. वाद्यांचा आवाज आला. पाय उचलेना. मी आत शिरले आणि हरलो तर? परत आले.

वाजली. आज ऐकून रडले. आनंदाने नाही.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगचा सण. टर्की, त्यात कालवांचं सारण. मार्सेल कापत होता. सगळ्यांच्या तोंडी परवाचाच सामना. जिंकलो तर चषक. एमिलने जन्मभर वाट बघितली आणि कधी पाहिला नाही, तो चषक.

मी विचारलं, "मार्सेल, माझी उशी कुठे आहे?"

"जागेवर आहे, आई."

"आणि तिच्यावर कोण आहे?"

सुरी थांबली. डॅना ताटात बघायला लागली. क्लेअर म्हणाली, "मिस्टर व्हिटकम! ते मला च्युइंगम देतात."

"आई, ऐक तर. एकदाच बोलावलं होतं त्यांना. मग जिंकत गेलो. आता मधेच बदलायचं कसं?"

"रिकामी ठेवीन म्हणाला होतास. शब्द दिला होतास."

"अगं, जानेवारीत शाखा उघडतेय. त्यांच्या मनात मीच आहे. तुझ्याच नातीसाठी चाललंय ना हे?" मग सुरी खाली ठेवली त्याने. "आणि पायगुणाचं मी काही खोटं बोललो का? सगळे सामने जिंकलो की नाही? तूच सांग!"

मी काटा खाली ठेवला. त्याने ते पाहिलं. आवाज मऊ केला — आजारी माणसाशी बोलतात तसा. "परवा ये तू. खरंच ये. मी त्यांना सांगतो, जागा आईची आहे. तिकिटं तुझ्याच नावावर आहेत. पण आई, हरलो तर..."

त्याने टर्कीची तंगडी माझ्या ताटात वाढली. लहानपणापासून त्याला माहीत आहे, तंगडी माझी.

"नाही येत," मी म्हटलं.

मोठं मन वगैरे काही नाही. घाबरले. मी हरले तर चालतं मला, पेलिकन हरलेले चालत नाहीत. आणि हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

देवा, कोणाचा पाय मोडू नये. एवढंच मागते. बाकी जे मनात येतंय ते मागत नाही.

शनिवार, २५ नोव्हेंबर

अंगणात अक्रोडासारखे पेकान सोलत बसले. रेडिओ नाही. ओकवरून आवाज येत राहिला, मग एकदम एकच मोठा हुंकार, मग काहीच नाही. गाड्या परतायला लागल्या. कोणी भोंगा वाजवेना. मी घंटेकडे कान लावून बसले. अंधार झाला. घंटा वाजली नाही.

हरलो. माझ्याशिवाय हरलो!

सिस्टर, एमिल, क्षमा करा. आयुष्यात पहिल्यांदा आपण हरल्यावर मी हसले. मांडीवरचे पेकान गवतात सांडले, तरी हसतच होते.

मग मार्सेलचा फोन. रडवेला आवाज. "आई, खरं सांग. रेडिओ लावला होतास ना?"

"नाही."

मग म्हटलं, "पुढच्या सप्टेंबरमध्ये मी येतेय. उशी धुऊन ठेव."