भावजींच्या जागेवर

तैपेई, नोव्हेंबर १९५४

प्रिय जाऊबाई,

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. इथे वसतिगृहात सकाळी पेज आणि खारवलेला मुळा मिळतो. तुमच्या हातची चव नाही. प्रांतिक सभेत अधिकारी सरकारी चिनीत भराभर बोलतात. मी शाळेत जपानी शिकलेली, घरी आपली बोली, त्यामुळे निम्मं डोक्यावरून जातं. कुणी ‘सभासदबाई’ म्हणालं की मी मागे वळून बघते.

हे झालं कसं, अजून कळत नाही. भावजी स्वतः निवडणुकीला उभे होते, आणि त्यांनीच माझाही अर्ज भरला होता. म्हणाले, नुसतं नाव लावायचं, सुईण म्हणून तुला घराघरांत ओळखतात, बायकांची मतं विरोधकांकडे जायला नकोत. मतं त्यांनाच माझ्या दुपटीहून जास्त पडली. पण निवडून येणाऱ्यांत एक तरी बाई हवीच असा नियम, म्हणून शेवटची जागा मला दिली, आणि ती नेमकी त्यांचीच होती. त्यांनी आणवलेले फटाके माझ्या नावाने वाजले. ते हसून पाहुण्यांना सिगारेटी वाटत होते. तुम्ही कोंबडीची तंगडी, जी इतकी वर्षं त्यांच्या वाडग्यात जायची, ती माझ्या वाडग्यात घातलीत. रागाने की आनंदाने, मला उमगलं नाही.

भावजींचा फोन येतो. कुठे बोलायचं, कुठे गप्प बसायचं ते सांगतात. मीही ऐकते, कारण जागा मनातून मला त्यांचीच वाटते. पण आता सभेत एक ठराव आला आहे. सून म्हणून लहानपणीच आणलेल्या मुलींना मोठेपणी ते लग्न नाकारता यावं, असा. त्यावर मी बोलावं, असं इथल्या बायका म्हणतात. भावजींना सांगितलं तर म्हणाले, “घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस. तुझ्या जावेला विचार, तिला काय कमी पडलं?” आणि फोन ठेवला.

तुम्ही तीन वर्षांच्या या घरात आलात. आईबापांनी नावही ‘वाढवा कशीतरी’ अशा अर्थाचं ठेवलेलं. भावजींना दादा म्हणत वाढलात आणि एका वर्षअखेरीच्या जेवणानंतर सासूबाईंनी दोघांना एका खोलीत घातलं. तुमची बाळंतपणं मी केली. तिसऱ्या वेळी कळा सोसताना तुम्ही ‘दादा, दादा’ अशी हाक मारत होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि तरी यंदा तुमच्या धाकट्या मुलाची सून म्हणून एवढ्याशा आ-किमला तुम्हीच जाऊन घेऊन आलात. तिची वेणी घालताना तुम्ही किती हसत होता. म्हणून माझा गोंधळ होतो. दुःख मलाच दिसतं का? की तुम्हाला ते दिसेनासं झालंय?

गुरुवारी माझी बोलायची पाळी आहे. काय बोलायचं ते मला सगळेच सांगताहेत. भावजी ‘जावेला विचार’ म्हणाले ते टोमण्याने, पण या घरात तुम्हाला कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र. जाऊबाई, तुम्हाला काय कमी पडलं? ‘काही नाही’ एवढंच लिहिलंत तरी मी गप्प बसेन, शपथ. पण पत्र आलंच नाही, तर मी उभी राहून बोलेन. तुमचं नाव घेणार नाही. ते बरोबर होईल की चूक, मला ठाऊक नाही.

तुमचीच धाकटी,
ग्योक-सिम