पायरीवरच्या चपला

केज, रविवार, संध्याकाळ

कोरियाहून येऊन आठ दिवस झाले, तरी पायरीवरच्या आईच्या त्या चपला डोळ्यांपुढून जात नाहीत.

दादा तिकडे नोकरीला, म्हणून आई आणि मी गेलो होतो. त्याने जुन्या कौलारू घरांचं गाव दाखवायला नेलं. लोक अजून राहतात तिथे. आम्ही गल्लीत फोटो काढत होतो, तोवर आई एका उघड्या दारातून आत. चपला पायरीवर, नीट जोडीने. आपल्याकडे दार उघडं म्हणजे या, बसा.

आतली म्हातारी ओरडली नाही. थकल्यासारखी पाटीकडे बोट दाखवत राहिली. आत येऊ नका, असं लिहिलं होतं म्हणे. आई हात जोडून सांगत होती, "बघाया न्हाई आले बाई, भेटाया आले." दादाला त्यांची भाषा येते, पण तो मान खाली घालून उभा. आणि मी काय केलं? चपला उचलल्या.

आज शेजारच्या काकू फोटो बघायला आल्या, नेहमीसारख्या थेट आत. त्या गेल्यावर आई उंबऱ्यात थांबली.

"दार लावू का गं?"

दिवसाउजेडी कधी लावलंय आम्ही? तेवढ्यात तिनं बाहेरच्या चपला आत घेतल्या.