मेपलची वाळकी फांदी

१२ नोव्हेंबर
रोजनिशीबाई, माफ कर, लिहायला फार उशीर झाला. निवडणुकीने वेळच दिला नाही. पण निवडून आलो! समोरच्या घरातल्या रोलंड पेल्कीला पाडलं. तो कॉलेजात गेलेला, मी शाळा अर्धवट सोडलेला. पण फौजेच्या इंजिनिअर पलटणीत पूल मी बांधले. आता न्यू हॅम्पशायरच्या विधानसभेत माझं एकच काम: कितीही वादळं येवोत, राज्यातली वीज जाता कामा नये. काळजीने जेवण जात नाही.

१९ नोव्हेंबर
वीज कंपनीची माणसं फाटकाशी. म्हणाली, आजोबा, मेपलची ती वाळकी फांदी तारांवर आलीय, सही द्या, कापतो. म्हटलं, आमदाराला शिकवता? हे झाड माझ्या आजोबांनी लावलंय. दर मार्चला त्याचा रस काढून आम्ही पाक आटवतो. शिवाय फांदी वारा अडवते, म्हणजे तारांचं रक्षणच. सही दिली नाही. एनिड म्हणाली, बायकोचं ऐकत नाही, निदान शिडीवरच्या माणसाचं तरी ऐका. बायका विजेबद्दल फार भावनेने बोलतात.

२ डिसेंबर
लाकडाची शेगडी पेल्कीला देऊन टाकली. पेट्रोलची करवतही त्यालाच विकली, बॅटरीची आणली. घर आता पूर्ण विजेवर. ज्याचा विजेच्या ग्रिडवर भरवसा नाही, त्याने ग्रिडसाठी कायदे करू नयेत. एनिडने दिवसभर भांडी आपटली. कौतुकाने असावं.

१४ जानेवारी
समितीपुढे विधेयक मांडलं. तारांजवळची सगळी झाडं छाटावीत. कलम सात: पाकाची मेपल वगळून. अध्यक्षबाईंनी विचारलं, अशी किती झाडं तुमच्या डोळ्यांसमोर आहेत? म्हटलं, तूर्त एक. सगळे खो खो हसले. वातावरण अनुकूल.

२० जानेवारी
सकाळपासून पाऊस, पडताक्षणी गोठणारा. दुपारी कडाड्! तोफच वाटली. फांदी होती. तारा तुटल्या, अख्ख्या गावाची वीज गेली. दोष पूर्णपणे हवामानाचा.

२१ जानेवारी
आज विधेयकावर मतदान. निघालो, तर फांदी गाडीपुढे आडवी. करवत काढली. बॅटरी मेलेली. चार्ज करायला वीज कुठाय? नद्यांवर पूल टाकलेला माणूस स्वतःच्या फाटकात अडकला. फोनवर कळलं, विधेयक आपटलं, माझ्याच पक्षाने पाडलं. मग फोनही गेला.
पेल्की माझी जुनी करवत घेऊन आला. फांदीचे तुकडे करून ढकलगाडीत भरले. एनिडला म्हणाला, वहिनी, आमच्याकडे ऊब आहे, चला. ती बूट घालून तयारच! कंपनीची माणसं म्हणाली, दुसरी फांदी लोंबतेय, ती उतरवल्याशिवाय तारा जोडता येत नाहीत, आजोबा, सही. मी म्हटलं, विचार करतो. एनिड जाता जाता म्हणाली, आमदारसाहेब, विचार संपला की या. गाव तोवर थिजतंच आहे.

२२ जानेवारी
हातमोजे घालून लिहितोय. सही केली. जनहितासाठी, थंडीचा काही संबंध नाही. माणसं लगेच शिडी लावायला लागली.
पेल्कीच्या धुराड्यातून धूर निघतोय. शेगडी माझी, लाकूड माझं, बायकोही माझी. सूप बहुधा बीन्सचं.
एनिड, सहीच्या कागदाची प्रत खिडकीतून हलवतोय, दिसते का गं? निरोप धाड लवकर. खुर्ची तिथे आहे, की घरातून आणू?