जाळीमागून जावई

रवि., ४ जाने.
जिंकलो, २-१. सेमीफायनल गाठली! खाल्लेला तो एक गोल मात्र आमच्या कीपरच्या, राकेशजींच्या नावावर. कॉर्नर आला, फुटबॉल अगदी पुढ्यात, आणि हे रेषेवर उभे, पाय खिळल्यासारखे. मी जाळीमागून ओरडले, "अहो निघा ना बाहेर!" जावयाला चारचौघांत असं बाहेर काढणारी सासू इंदुरात मी एकटीच असेन. नंदूभिया खुर्चीतून पडायचेच बाकी होते.
हाफटाइमला नेहमीप्रमाणे खुर्च्या, थर्मास, शेवेची पुडी उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. आपला कीपर जिकडे, तिकडे आम्ही तिघं, मी, नंदूभिया आणि गायकवाडजी. गोल मारणाऱ्यांना बघायला अख्खा परदेशीपुरा मोहल्ला येतो. कीपरच्या पाठीशी कुणीतरी हवं.

मंगळ., ६ जाने.
क्लबच्या सेक्रेटरींचा फोन. फायनल गाठली तर कीपर कोण, तुम्ही ठरवून ठेवा म्हणाले. जुनी रीत. दहाजण कमिटी निवडते, अकरावा जाळीमागची मंडळी. अट एकच : मत कीपरच्या तोंडावर सांगायचं, पाठीमागे नाही.
राकेशजींच्या जागेसाठी यंदा आपल्याच क्लबात देपालपूरचा पोरगा आहे, विशाल. एकोणीस वर्षांचा, बांबूसारखा उंच. क्रॉसवर, म्हणजे बाजूने उंच आलेल्या चेंडूवर, अशी झेप घेतो की बघत राहावं. नं.भि. राकेशजींच्या बाजूने. गा.जी. पोराच्या. उरले मी.
राकेशजी छत्तिशीचे. फायनल एकदाही नशिबी नाही. ही हुकली की संपलंच. मेघाला अजून काही बोलले नाही. पोटच्या पोरीला घाबरायची वेळ आली.

गुरु., ८ जाने.
गायकवाडजींकडे गराडूचा कंद. तळून, वर मसाला, लिंबू. खाता खाता जुने कीपर काढले. गा.जी. महूचे, वडील पलटणीत, त्यामुळे कीपर म्हणजे महूचा बबन, विषय संपला. "ताई, बबन म्हणजे बबन. चेंडू त्याला घाबरायचा." मी म्हटलं, बबन इतका बाहेर यायचा की एकदा सेंटरला जाऊन पोचला आणि मागून गोल झाला. ते यांच्या लक्षात नाही. सुधाकर मास्तरांनी रेफरीशी भांडताना दोनदा गोल खाल्ले. नं.भि.चा लाडका फ्रान्सिस. हात लोण्यासारखे मऊ, पण मैदानात कुत्रं शिरलं की फ्रान्सिस गोल सोडून पहिला पळणार.
"और अपने राकेश भिया?" नं.भि.नी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अजून गराडू मागितले.

रवि., ११ जाने.
फायनल गाठली!! १-०.
पण आज आमचा पोपट झाला. हाफटाइमला बबन की फ्रान्सिस यावरून अशी जुंपली की शिट्टी कधी वाजली कळलंच नाही. बघतो तर आम्ही तिघं समोरच्यांच्या कीपरमागे. तो बिचारा सारखा वळून बघतोय, हे कोण म्हातारे. आता एवढं ओलांडून जायचं तर नं.भि.चा गुडघा. बसलो तिथेच.
आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मी राकेशजींना समोरून, लांबून पाहिलं. हा माणूस क्षणभर गप्प नसतो. हात सतत चालू. याला इकडे सरक, त्याला मागे हो. पंगतीत माणसं बसवावीत तसे आपले बॅक बसवत होते. समोरच्यांना गोलवर मारायला जागाच मिळेना. मागून आम्हाला काय दिसतं? पाठ, आणि आत शिरलेला चेंडू.
डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. गा.जीं.ना सांगितलं तर म्हणाले, "ताई, लांबून सगळेच जावई चांगले दिसतात."
हसले. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मी कीपर पाहिला की जावई?

बुध., १४ जाने.
संक्रांत. मेघा-राकेशजी जेवायला. गुळाची पोळी. मेघा आत तूप कढवत होती, तेवढ्यात बोलून टाकलं. म्हटलं, राकेशजी, क्रॉसला तुमचे पाय उचलत नाहीत, तो पोरगा त्यात तुमच्यापेक्षा सरस आहे. पण परवा लांबून पाहिलं, टीम तुम्ही चालवता. माझं मत तुम्हाला.
त्यांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "आई, मैंने तो कल ही बोल दिया. पोराला खेळवा म्हणून सेक्रेटरींना सांगून आलो."
का?
"तुम्ही नाही म्हणाल, पक्कं माहीत होतं. माझ्या तोंडावर तुम्हाला ते बोलायला लागू नये. मेघालाही वाईट वाटलं असतं."
मेघा दारात. तूप करपलं. कुणीच उठलं नाही.
आठ वर्षं मी या माणसाला मागून ओरडतेय. एकदाही चांगलं बोलले नव्हते हो.

गुरु., १५ जाने.
सेक्रेटरींना फोन. "ताई, अब क्या करू? विशालला कळवून टाकलं. पूरा खानदान येतंय देपालपूरहून." मी म्हटलं, रीत ती रीत, आमचं मत व्हायचंय. "बरं, रविवारी दोघांना बोलावतो. मैदानावरच सांगा तुम्ही."
मेघाचा फोन. "आई, गडबड केलीस तू." मग हसली. मग रडली.

रवि., १८ जाने.
मैदानावरूनच लिहितेय, वेळ आहे. ऊन छान. देपालपूरची मंडळी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आली, ढोल घेऊन. विशाल येऊन पाया पडला. त्याच्या आईने आमच्या तिघांसाठी डब्यातून तुपातला गोड चूरमा आणलाय. आता हे कसं गिळायचं?
नं.भि. अजून राकेशजींकडे. गा.जी. पोराकडे, आणि चूरमाही त्यांनीच जास्त खाल्ला.
दोघंही ड्रेस घालून तयार. राकेशजी त्याला गोलमध्ये उभं करून काहीतरी दाखवताहेत. बॅकला आवाज कसा द्यायचा ते. पोरगं लाजत ओरडलं. राकेशजी म्हणाले, "और जोर से." मग ते क्रॉस मारायला गेले, आणि त्याने एकेक असा वरच्या वर उचलला की देपालपूरवाल्यांच्या आधी राकेशजींनीच टाळ्या वाजवल्या.
इतका अभिमान मला त्यांचा कधी वाटला नव्हता. आणि मत द्यायला इतकं अवघड कधी गेलं नव्हतं.
सेक्रेटरी कागद घेऊन इकडेच येताहेत. दोघांनाही हाक मारली त्यांनी. मेघा बघतेय. गा.जी. म्हणतात, "बोला ताई, आता तुमच्यावर आहे." आणि मी वही मिटतेय, राकेशजींच्या तोंडावरच सांगते : आवाज द्यायला तुम्ही शिकवलंत, आता पोराला खेळू द्या.